आरसा काढून टाकल्यावर

दिवाळीचा बोनस झाला की ओळखीतून दोन-चार फोन हमखास येतात. ‘काका, मिररलेस घ्यायचा म्हणतोय. पंचेचाळीस मेगापिक्सेलचा आहे. घेऊ ना?’ मी उलट विचारतो, ‘फोटो कुठे काढणार? गडावर, नाट्यगृहात की मिरवणुकीत?’ समोरचा गोंधळतो. त्याला कंपनीबद्दल आणि किमतीबद्दल ऐकायचं असतं. पण तीन लाखांच्या आसपासचा कॅमेरा घेताना पहिला प्रश्न हाच असायला हवा, असं मला तो वापरून वापरून वाटायला लागलं आहे.

मी स्वतः वापरतो तो कॅमेरा कोणत्या कंपनीचा हे इथे सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण त्यानं मला दिलेला आनंद आणि मनस्ताप दोन्ही त्या वर्गातल्या बहुतेक सगळ्या कॅमेऱ्यांच्या वाट्याचे आहेत.

आधी यंत्राबद्दल थोडं. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड आरशावर पडून वर वळायचा आणि प्रिझममधून आपल्या डोळ्यापर्यंत पोचायचा. सेन्सर मागे अंधारात, पडद्याआड. बटण दाबलं की आरसा उचलला जायचा, पडदा सरकायचा, सेन्सरला क्षणभर उजेड दिसायचा आणि पुन्हा अंधार. फोकस शोधायला वेगळा सेन्सर, उजेड मोजायला वेगळा. २००८ साली पॅनासॉनिकच्या जी१मधून हा आरसा गेला. २०१३मध्ये सोनीनं ए७ हा फुल फ्रेम मिररलेस आणला आणि २०१८ साली निकॉन आणि कॅनन दोघंही फुल फ्रेमच्या मैदानात उतरले. आता आरशाचं, फोकसचं, मीटरचं आणि काही मॉडेलांत शटरचंही काम एकटा मुख्य सेन्सर करतो. त्यासाठी तो कॅमेरा चालू असेपर्यंत उघडा आणि जागा असतो. मिररलेसचे गुण यातून आले आणि दोषही यातूनच आले. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

गुणांपैकी सगळ्यात मोठा गुण जाहिरातीत सहसा नसतो. चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसाला मागच्या पडद्यावर काढलेला फोटो तपासता येत नाही. उन्हात तर मुळीच नाही. मिररलेसमध्ये फोटो, मेनू, हिस्टोग्राम सगळं व्ह्यूफाइंडरच्या आतच दिसतं. डायॉप्टरचं चाक एकदा आपल्या नंबराला जुळवलं की वाचायचा चष्मा खिशातच राहतो. हाताने फोकस करायचा असेल तर चित्र आतल्या आतच मोठं करून पाहता येतं. पन्नाशीतल्या माणसानं एवढ्या एका कारणासाठी मिररलेस घेतला तरी मी त्याला नावं ठेवणार नाही.

दुसरा गुण म्हणजे एक्स्पोजर आधीच दिसणं. मागून ऊन येत असताना वारकऱ्याचा चेहरा काळा पडणार की उजळ येणार, हे बटण दाबण्यापूर्वी कळतं. तिसरा गुण डोळा शोधून त्यावर चिकटणारा फोकस. माणसाचा, कुत्र्याचा, पक्ष्याचा डोळा कॅमेरा स्वतः शोधतो. भिगवणला उजनीच्या पाण्यावरून उडणाऱ्या रोहितच्या थव्यावर पूर्वी दहातले दोन-तीन फोटो धारदार यायचे. आता निवडायला बसलं की कुठले काढून टाकावेत हाच प्रश्न पडतो.

आणि चौथा गुण शांतता. इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की कॅमेरा अजिबात आवाज करत नाही. शास्त्रीय संगीताच्या मैफलीत विलंबित चालू असताना डीएसएलआरचं ‘खटॅक’ झालं की पुढच्या रांगेतले रसिक वळून पाहायचे आणि त्या नजरा झेलणं सोपं नसायचं.

याच शांततेनं मला पहिला दणका दिला. एका मैफलीत मी संपूर्ण पूर्वार्ध आवाज न करता टिपला. व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं झकास दिसत होतं. घरी मोठ्या पडद्यावर पाहिलं तर गायिकेच्या चेहऱ्यावर, तानपुऱ्यावर, मागच्या पडद्यावर आडवे पट्टे. एक उजळ, एक काळपट, पुन्हा उजळ. हे पट्टे नंतर सॉफ्टवेअरमध्ये काढू म्हटलं तर मोठं जिकिरीचं काम आहे. बहुतेकदा ते धड जमतही नाही.

कारण असं. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर सगळा एकदम वाचला जात नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचला जातो. आपण शटरचा वेग १/५०० लावला तरी तो प्रत्येक ओळीपुरता असतो. सगळ्या ओळी वाचून व्हायला साध्या सेन्सरला १/१५ ते १/३० सेकंद लागू शकतो, आणि खूप मेगापिक्सेलच्या काही सेन्सरांना त्याहूनही जास्त. दरम्यान रंगमंचावरचे एलईडी दिवे लुकलुकत असतात. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर साधा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. रंगमंचावरचे, मंद करता येणारे एलईडी तर त्याच्या कितीतरी पट वेगानं बंद-चालू होतात. डोळ्याला ते कळत नाही. ओळीमागून ओळ वाचणाऱ्या सेन्सरला कळतं आणि तो ते इमानदारीनं नोंदवून ठेवतो.

वाचनाचा वेग कमी असला की हलणाऱ्या वस्तूही वाकड्या येतात. फटका मारताना बॅट धनुष्यासारखी वाकलेली, पक्ष्याचे पंख कुठल्या कुठे गेलेले. यावर कंपन्यांनी काढलेला उपाय म्हणजे स्टॅक्ड सेन्सर. त्यात सेन्सरच्या पाठीलाच मेमरी बसवलेली असते, त्यामुळे वाचन कितीतरी लवकर आटोपतं. २०१७ साली सोनीच्या ए९मध्ये तो आला. निकॉनच्या झेड९ आणि झेड८मध्ये तर हे वाचन इतकं जलद आहे की त्यांनी यांत्रिक शटर ठेवलंच नाही. २०२३मध्ये जाहीर झालेल्या सोनीच्या ए९-३मध्ये सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो, त्यामुळे वाकडेपणाचा प्रश्नच मिटला. पण त्याची किंमतही मोजावी लागते. त्याचा सगळ्यात कमी आयएसओ २५० आहे आणि मेगापिक्सेल २४च्या आसपास. सगळं एकाच बॉडीत मिळत नाही.

म्हणून दुकानात ‘किती मेगापिक्सेल’ हे विचारण्याआधी ‘सेन्सर स्टॅक्ड आहे का, नसला तर यांत्रिक शटर आहे का’ हे विचारा. विक्रेत्याला सांगता आलं नाही तर समजून घ्या. फार थोड्यांना येतं. आणि साधा सेन्सर असलेला कॅमेरा हातात असेल तर कृत्रिम उजेडात यांत्रिक शटरच वापरा. शांत राहणं भागच असेल तर वेग १/५० किंवा १/१०० ठेवून आधी चार फोटो काढा आणि ते व्ह्यूफाइंडरमध्ये मोठे करून तपासा. घरगुती दिव्यांखाली एवढ्यानं बहुधा भागतं. रंगमंचाच्या एलईडीसाठी काही वरच्या मॉडेलांत शटरचा वेग अपूर्णांकात बदलायची सोय असते. व्ह्यूफाइंडरमधले पट्टे नाहीसे होईपर्यंत तो हळूहळू फिरवायचा. ही सोय आहे का, हेही विकत घेण्यापूर्वी बघण्यासारखं आहे.

आता लेझर. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडच्या मिरवणुकांत हा धोका घरापर्यंत आला आहे. आमच्या फोटोग्राफी ग्रुपमधल्या एकानं विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या गाडीसमोर उभं राहून व्हिडिओ काढला. हिरवी किरणं धुरातून फिरत होती, दृश्य खरंच देखणं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या प्रत्येक फोटोत एक उभी रेघ आणि काही रंगीत ठिपके दिसायला लागले. सेन्सर भाजला होता. सर्व्हिस सेंटरनं वॉरंटी नाकारली आणि सेन्सर बदलायचा जो खर्च सांगितला त्यात एखादा बरा जुना कॅमेरा आला असता.

लेझरमुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेतच. तीच किरणं लेन्समधून आत आली की लेन्स ती सेन्सरवर एका बारीक ठिपक्यात गोळा करते. डीएसएलआरमध्ये फोटो निघण्याचा क्षण सोडला तर मध्ये आरसा आणि पडदा आडवे असतात, त्यामुळे धोका कमी. मिररलेसचा सेन्सर मात्र तुम्ही नुसतं बघत असलात तरी उघडाच. तेव्हा किरणं प्रेक्षकांच्या दिशेनं फिरत असतील तर कॅमेरा खाली घ्या आणि लेन्सवर झाकण लावा. बाजूनं किंवा मागून काढता आलं तर काढा. नाही तर ते दृश्य मोबाइलवाल्यांना घेऊ दे असंही मी म्हणणार नाही, कारण मोबाइललाही सेन्सर असतोच.

उन्हाचंही तसंच, पण इथे धोका मागून येतो. कॅमेरा गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा ट्रायपॉडवर असा राहिला की व्ह्यूफाइंडरच्या काचेतून दुपारचं ऊन थेट आत जातं, तर ती काच भिंगाचं काम करते आणि आतला छोटा पडदा जळतो. हे माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. माहितीपुस्तक वाचतो कोण!

बॅटरीबद्दल सगळेच रडतात, म्हणून थोडक्यात. मोजमापाच्या ‘सिपा’ या एकाच पद्धतीनं निकॉनचा डीएसएलआर डी८५० एका चार्जवर १८४० फोटो देतो, झेड८ सुमारे ३४०. आकडा भीतिदायक दिसतो, पण तो फसवा आहे. मिररलेसची बॅटरी फोटोंवर कमी आणि वेळेवर जास्त खर्च होते. सलग फटाफट काढले तर ३४०च्या कितीतरी पुढे जाता येतं. उलट पाणवठ्यावर डोळा लावून तासन्‌तास बसलात आणि एकही फोटो काढला नाही तरी ती संपते. म्हणून फोटो मोजू नका, तास मोजा. दोन जादा बॅटऱ्या जवळ ठेवा, कंपनीच्याच. टाइप-सी केबलनं चार्ज होणारी बॉडी असेल तर पीडीवाली पॉवर बँक प्रवासात मोठं काम करते. विमानात सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच लागतात.

सतत जागा असलेला सेन्सर तापतोही. २०२० साली कॅननचा आर५ आला तेव्हा ८के व्हिडिओची मर्यादा कंपनीनंच सांगितली होती: २३ अंश तापमानात सुमारे २० मिनिटं. पुढे त्यात सुधारणा झाल्या आणि नवी मॉडेलं आली. पण २३ अंश हा आकडा वाचून आमच्या नागपूरकर मित्राला हसू फुटलं होतं. चंद्रपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि ताडोब्यात वाघ पाण्यावर बसलेला दिसण्याचे दिवसही तेच. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात कॅमेरा चालवण्याची मर्यादा ४० अंशांची असते. तरी फोटो निघतात, मी काढले आहेत. मात्र लांब व्हिडिओचा हट्ट तिथे धरू नका आणि थांबलेल्या जिप्सीत कॅमेऱ्यावर पांढरं सुती फडकं टाकून ठेवा. काळा पंचा नको. आणखी एक, दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरते. लांबच्या वाघाचा फोटो मऊ आला तर तो दोष फोकसचा नाही, सेन्सरचाही नाही. त्यावर कितीही पैसे खर्च केले तरी उपाय नाही. पहाटे जा.

डोळा ओळखणाऱ्या फोकसचं कौतुक वर केलं, आता त्याची दुसरी बाजू. दिवे घाटात पालखी चढताना समोर शेकडो चेहरे असतात. कॅमेरा त्यातला स्वतःला पटेल तो निवडतो, एका क्षणात दुसऱ्यावर उडी मारतो, आणि तुम्हाला हवी असलेली तुळशीवाली आजी धूसर राहते. अशा वेळी फोकसचं क्षेत्र मुद्दाम छोटं करा, ती चौकट आजीवर ठेवा, मग डोळा शोधण्याचं काम कॅमेऱ्याला द्या. झाडोऱ्यातल्या पक्ष्याच्या बाबतीत तर अनेक मिररलेस कॅमेरे हट्टानं पुढच्या काडीवर किंवा मागच्या पानांवर जाऊन बसतात आणि परत यायचं नाव घेत नाहीत. अशा वेळी बटण दाबून दाबून काही होत नाही. लेन्सची कडी हातानं फिरवून पक्षी अंदाजे फोकसमध्ये आणायचा, मग बटण दाबायचं. पुष्कळ कॅमेऱ्यांच्या सेन्सरवरचे फोकसबिंदू आडव्या रेघांपुढे अडखळतात, घाटाच्या पायऱ्या, पाण्याच्या लाटा, इरकलीचा आडवा काठ. कॅमेरा जरासा तिरका धरा, फोकस झाला की सरळ करा. ही युक्ती मला एका जुन्या जाणत्या छायाचित्रकारानं चहाच्या टपरीवर सांगितली. लाखभराच्या लेन्सनं केलं नसतं एवढं तिनं माझं भलं केलं आहे.

मेगापिक्सेलबद्दल आता. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० बिंदूंचा असतो. ४५चा सुमारे ८२५६ बाय ५५०४. म्हणजे रुंदीत वाढ साधारण ३७ टक्के, दुप्पट नव्हे. ३०० डीपीआयनं छापलं तर पहिल्याचा २० इंच रुंद प्रिंट निघतो, दुसऱ्याचा साडेसत्तावीस इंच. तुमच्या घरात अशा आकाराचे किती फोटो भिंतीवर आहेत, ते एकदा बघून घ्या. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना मात्र जास्त मेगापिक्सेलचा खरा फायदा होतो, कारण फोटो निम्म्याहून जास्त कापला तरी छापण्याजोगं काही उरतं. निसर्गचित्रं काढणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. इतक्या दाट सेन्सरवर एफ ११च्या पुढे गेलं की लेन्स कितीही चांगली असली तरी प्रकाशाच्या वळण्यामुळे धार कमी व्हायला लागते. एफ १६ लावून वर मेगापिक्सेलचा अभिमान बाळगण्यात अर्थ नाही.

आणि फाइली. ४५ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल ढोबळमानानं ५० एमबी धरा. सेकंदाला २० फोटो म्हणजे दर सेकंदाला एक जीबी. त्यासाठी महागडी सीएफएक्स्प्रेस कार्डं, कार्ड रीडर, हार्ड डिस्क, त्या डिस्कची दुसरी प्रत आणि शेवटी नवा संगणक. हा खर्च बॉडीच्या किमतीत कुणीच धरत नाही. याहून वाईट म्हणजे एका सकाळचे हजारो फोटो निवडत बसायचं. आमच्या घरात यावरून जे बोलणं होतं ते छापण्यासारखं नाही.

पैशांचा विषय निघालाच आहे तर माझं हिशेबाचं मत सांगतो. हातात पाच लाख असतील तर बॉडीवर दोनच्या वर घालू नका. उरलेले लेन्सवर. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, पडत्या भावात जाते. चांगली लेन्स दोन-तीन बॉड्या पुरते. मिररलेस हलका असतो हे निम्मंच खरं. डी८५० एक किलोचा होता आणि झेड७ पावणेसातशे ग्रॅमचा, पण झेड८ पुन्हा नऊशेच्या वर गेला. ७०-२०० एफ २.८सारख्या लेन्स आजही किलो-दीड किलोच्या घरातच आहेत. जुन्या लेन्स अडॅप्टरनं बसतात, पण सगळ्यांचा ऑटोफोकस चालतोच असं नाही. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये फोकसची मोटर नाही. त्यामुळे बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्स त्यावर हातानंच फोकस कराव्या लागतात. कपाटातल्या लेन्सची यादी करून मगच बॉडी ठरवा.

धूळ आणि दमट हवा हे आपल्या हवामानाचे खास शत्रू. लेन्स काढली की मिररलेसचा सेन्सर अगदी तोंडाशी दिसतो. कासच्या वाऱ्यात किंवा भिगवणच्या होडीत लेन्स बदलू नका. बदलावीच लागली तर कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून. कॅमेरा बंद केल्यावर शटरचा पडदा मिटणारी किंवा सेन्सरवर झाकण येणारी सोय काही मॉडेलांत आहे, ती चालू करा, पण त्या पडद्याला बोट लावू नका. धूळ रबरी ब्लोअरनं उडवा. तोंडानं फुंकर मारलीत तर थुंकीचे शिंतोडे आत जाऊन बसतात. अधूनमधून एफ १६वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढून डाग तपासा. कोकणात राहणाऱ्यांनी कॅमेरा बॅगेत घालून लोखंडी कपाटात ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. ४० ते ५० टक्के आर्द्रता ठेवणारी ड्राय कॅबिनेट घ्या, परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि पंधरा-वीस रुपयांत नाही तरी काही शेकड्यांत मिळणारा आर्द्रतामापक. ‘वेदर सील्ड’ म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे. आंबोलीच्या पावसात पाणी आत गेलं तर वॉरंटी ते भरून देत नाही.

चालू स्थितीतला डीएसएलआर असेल तर तो विकायची घाई करू नका. गड, मंदिरं, माणसांची शांतपणे काढलेली चित्रं, यांत तो आजही कुठे कमी पडत नाही आणि त्याच्या सेकंडहॅण्ड लेन्स सध्या खूपच स्वस्त मिळतात. पक्षी, खेळ, मैफली आणि नाटकं हेच तुमचं मुख्य काम असेल तर स्टॅक्ड सेन्सरसाठी जास्तीचे पैसे द्या, ते वसूल होतात. बाकी हौशी माणसाला २४ ते ३३ मेगापिक्सेलची, यांत्रिक शटर असलेली मधल्या किमतीची बॉडी पुरून उरते.

ग्रे मार्केटमधला माल पंचवीस-तीस हजारांनी स्वस्त मिळतो म्हणून मोहात पडू नका. पक्कं बिल आणि कंपनीचं भारतातलं वॉरंटी कार्ड दोन्ही हवं, आणि त्यावरचा सिरियल नंबर बॉडीवरच्या नंबराशी दुकानातच जुळवून बघा. त्याआधी शनिवार-रविवार हीच बॉडी भाड्यानं घ्या. पुणे-मुंबईत सहज मिळते. तुम्ही एरवी जिथे फोटो काढता तिथेच, त्याच उजेडात वापरा. घरी येऊन फोटो मोठ्या पडद्यावर बघा आणि मगच पैसे भरा.